चार दिवसांचे खुंट

एक विचारायचंय, आणि उत्तर देताना इकडेतिकडे बघू नका. समजा तुम्ही चव्वेचाळीस वर्षांची बाई आहात. तुमच्या हनुवटीवर राठ काळे केस येतात, पुरुषाला येतात तसे, आणि रोज पहाटे तुम्ही ते गुपचूप वस्तऱ्याने काढता. आता कुणी म्हणालं, हे कायमचे घालवून देतो, पण आधी चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. वाढू द्यायचे. तसंच कामावर जायचं, भाजी घ्यायची, शेजारणीला वाकून नमस्कार करायचा. गेला असतात तुम्ही?

होरिबे किनुए गेली. साडेतीन वर्षं, दर तीन आठवड्यांनी चार दिवस. ओसाकाच्या पूर्वेला फुसे भागात राहते ती. तिथे गल्लीगल्लीत एक लेथ मशीन आणि दोन तोंडाळ बायका असतात. किनुए तोंडाळ नाही, आणि तिथेच तिचा घात झाला.

केस सोळाव्या वर्षी सुरू झाले. आमच्याकडे बायका चेहऱ्यावरून वस्तरा फिरवून घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नाआधी तर नवरीचा चेहरा आणि मान न्हाव्याकडे तासून घ्यायचीच, पावडर नीट बसते म्हणून. किनुएच्या आईने ह्याच रिवाजाचा आडोसा घेतला. दर महिन्याला पोरीला न्हाव्याच्या बायकोपुढे बसवायची आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल असं सांगायची, "हिची लव जरा काळी आहे हो, गोऱ्या कातडीवर उठून दिसते." न्हाव्याची बायको मुकाट्याने काम करायची. एकदाच बोलली, "वहिनी, लवेने वस्तरा बोथट होत नसतो." आईने पुढच्या महिन्यापासून न्हावी बदलला.

लग्न झालं. नवरा टायरच्या दुकानात होता. सहा वर्षांनी एका सकाळी तो बाथरूममधून ओरडला, "माझ्या वस्तऱ्याला धार कशी राहत नाही? ह्या घरात पुरुष किती?" स्वतःच्या विनोदावर तो इतका खूश झाला, की नव्या वर्षाच्या जेवणात सासरच्या सगळ्यांना त्याने तो पुन्हा ऐकवला. दीर हसले, जावा हसल्या. सासू हसली नाही. ती किनुएच्या हनुवटीकडे बघत बसली, आणि तिच्या जेवणाच्या काठ्यांमधली माशाची फोड तशीच अधांतरी राहिली. पुढच्या वर्षी घटस्फोट. आमच्याकडच्या त्या कागदात कारणाचा रकाना नसतो. किनुएला तेवढंच बरं वाटलं.

मग तिने लेझर करून पाहिलं. स्टेशनजवळच्या एका चकचकीत दुकानात, गुलाबी गाऊन घालणाऱ्या पोरींकडून. राठ केस विरळ झाले खरे, पण गालाच्या कडेला जिथे नुसती लव होती तिथे नवे जाड केस उठले. असं कुणाकुणाला होतं म्हणे. आधी सांगितलं नव्हतं. आणि हनुवटीवरचे पांढरे व्हायला लागलेले केस लेझरला दिसतच नाहीत, ते ऐटीत उभे. तक्रार करायला गेली तर गुलाबी पोरगी गोड हसून म्हणाली, "ताई, तुमची केसच वेगळी आहे." म्हणजे पैसे घेताना चेहरा सारखा, बिघडला की वेगळा.

सुई तिला मिळाली ती एका जुन्या त्वचारोगाच्या दवाखान्यात. डॉक्टर समोर बसून खरजेची मलमं लिहून द्यायचे, आणि मागच्या खोलीत जिन्नाई नावाची साठीतली नर्स इलेक्ट्रोलिसिस करायची. विजेच्या सुईने एकेक केस मुळातून जाळायचा. डोळ्यांवर दिव्याचं भिंग, एका हातात सुई, दुसऱ्या हातात चिमटा. केस ज्या कलाने बाहेर आलाय त्याच कलाने सुई आत सरकवायची, पायाने बटण दाबायचं, बारीक आवाज होतो, आत कढत तेलाचा थेंब पडल्यासारखं होतं. मग चिमट्याने केस उचलायचा. मूळ मेलं असेल तर तो लोण्यातून निघावा तसा निघतो. खेचल्यासारखं वाटलं तर मेलेलं नाही, पुन्हा सुई.

"खेचलं?" जिन्नाई दर वेळी विचारायची.

"थोडं."

"मग सांगायचं की. गप्प राहण्याबद्दल बक्षीस देत नाही मी."

किनुए दातांत रुमाल धरून पडायची. ओठावरच्या केसांना सगळ्यात जास्त दुखतं. रडू येत नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहतं आणि नाक गळतं, आणि बाई गडबडून माफी मागते. जिन्नाई म्हणायची, "नाकाची काय माफी मागताय, होरिबे-सान? त्याला कुठे अक्कल असते." काढलेले केस ती पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवायची आणि शेवटी दाखवायची. मुळाशी पारदर्शक गाठ, माशाच्या अंड्यासारखी. पहिल्या दिवशी किनुए तो कागद बराच वेळ धरून बसली. चोवीस वर्षं जे ती तासत आली, त्याला मूळ होतं हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

पण सुईला केस दिसायला हवा आणि चिमट्याला धरायला हवा. तासलेल्या हनुवटीवर जिन्नाई काही करू शकत नाही. म्हणून ते चार दिवस. आणि एकदा जाळला म्हणून संपला असंही नाही. काही केस कातडीखाली झोपलेले असतात, ते तीन महिन्यांनी उठतात. म्हणून साडेतीन वर्षं.

ते चार दिवस ती कुठे काढायची, तर जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात. कारखान्याचं नाव लिहीत नाही, वकील मंडळी हात धुऊन मागे लागतात. तिथे आत जाताना डोक्याला जाळी, वर टोपी, त्यावर खांद्यापर्यंत येणारं पांढरं कापड, तोंडावर मास्क. आरशासमोर उभं राहून एकमेकींच्या पाठीवरून चिकट रोलर फिरवायचा, पडलेला केस अंगावर राहू नये म्हणून. डबे पुढे नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस बायका, आणि चाळीसजणींना मिळून नुसते डोळे. कुणाला हनुवटीच नाही. किनुएने ही नोकरी पगारासाठी धरलेली नव्हती. पगार सांगितला तर तुम्हीच हसाल.

नऊ वर्षं ती पट्ट्यावर आल्याचे गुलाबी काप ठेवत होती. तिच्याशेजारी सुएदा नावाची बाई भात दाबायची. पन्नाशीची, नवरा अंथरुणाला खिळलेला, जिभेला हाड नाही. जेवणाच्या सुट्टीत किनुए मागच्या लोखंडी जिन्यावर भिंतीकडे तोंड करून जेवायची, तेव्हा सुएदा दारातून म्हणायची, "अगं ए, भिंतीला घास भरवतेस का? ये इकडे. आमचीही तोंडं काही नट्यांची नाहीत."

"सर्दी आहे," किनुए म्हणायची.

"नऊ वर्षं? हिच्या नाकाचं नाव गिनीज बुकात द्या रे कुणीतरी."

त्या वर्षी मार्चमध्ये जिन्नाईने सांगितलं, महिनाअखेर ती निवृत्त होतेय. डॉक्टर सुई बंद करून नवं लेझर मशीन आणणार होते. एका बाईमागे दोन दोन तास घालवणं त्यांना परवडत नव्हतं. "शेवटची तुमची वेळ एकोणतीस, शनिवार," ती म्हणाली. "ओठ झाला, गाल झाले, हनुवटीखालचा पट्टा राहिलाय. चांगले वाढवून या. मी दुसरं कुणाला घेत नाही त्या दिवशी. वाटेल तितका वेळ बसू."

किनुएने ओसाकात आणि शेजारच्या शहरात सुई करणारं दुसरं कुणी सापडतं का पाहिलं होतं. सापडलं नव्हतं. तिच्यापाशी तो एक शनिवार होता.

मंगळवारपासून तिने वस्तरा बंद ठेवला. गुरुवारी तक्रार आली.

चेरी फुलण्याचे दिवस, डब्यांचा पूर आलेला. कुठल्याशा कंपनीने बागेत फुलांखाली बसून खायला तीनशे डबे नेले होते, त्यातल्या एकात माशाच्या फोडीवर केस. आमच्याकडे अन्नात केस म्हणजे साधी गोष्ट नाही. माल घेणारा माणूस केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवतो आणि तो कुणाचा ते लेखी मागतो. लाइनप्रमुख कुसाबा, वय एकतीस, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच, तो ती पिशवी बोटांत धरून शिफ्टच्या शेवटी सगळ्यांसमोर आला.

"अर्धा सेंटिमीटर. काळा, राठ," तो म्हणाला. "डोक्याचा नाही. दाढीचा असावा. पण ह्या लाइनवर पुरुष नाही."

"तू आहेस की," सुएदा म्हणाली.

बायका हसल्या. कुसाबाचे कान लाल झाले. "मी पट्ट्याला हात लावत नाही. केस तपासणीला पाठवतोय, पण निकालाला आठवडा लागतो आणि त्यांना शनिवारपर्यंत उत्तर हवंय. उद्या शिफ्टच्या आधी सगळ्यांनी ऑफिसात यायचं. एकेकीने मास्क खाली करायचा. फक्त बघायचं आहे."

फक्त बघायचं आहे. बाईचं तोंड उघडून बघायचा अधिकार ह्याला कुठल्या कायद्याने दिला, हे तिथे कुणी विचारलं नाही. सुएदानेही नाही. तिला वाटलं, पोरगं आहे, करू दे तपासणी.

किनुए सायकल हातात धरून चालत घरी आली. वाटेत सार्वजनिक फोनवरून तिने दवाखान्यात फोन लावला.

"उद्या तासली, तर शनिवारी काही होईल का?"

"एका रात्रीत किती वाढणार, होरिबे-सान? चिमट्याला धरायला तरी हवं."

"मग रविवारी? सोमवारी?"

"सोमवारी मी किल्ल्या परत करतेय. काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

सहज. ह्या बाईने आयुष्यात जे जे महत्त्वाचं विचारलं ते सहजच विचारलं.

शुक्रवारी पहाटे ती मोरीवर उभी राहिली. वस्तरा ओला केला. चार दिवसांचे खुंट, त्यातले सहासात पांढरे. दोन मिनिटांचं काम होतं. नोकरी राहिली असती, कुणी काही पाहिलं नसतं, आणि उरलेलं आयुष्य पुन्हा तोच वस्तरा. ती मला म्हणाली, "मी विचार केला नाही, हात खाली आला." मला ते पटत नाही. तिने विचार केला होता, फक्त लढण्याचा केला नव्हता.

ऑफिसबाहेर बायका ओळीत उभ्या होत्या. किनुए तेरावी. आतून पहिली बाई मास्क सारखा करत बाहेर आली, दुसरी आली. तिसरी हसत आली आणि म्हणाली, "माझी लिपस्टिक बघितली, आवडली वाटतं." चौथी आत जायच्या बेतात होती. तेव्हा किनुए ओळ सोडून पुढे गेली, दारात उभी राहिली आणि कमरेत वाकली, पार काटकोनात.

"सगळ्यांना त्रास झाला. क्षमा असावी. जबाबदारी माझी."

तुम्ही आमच्यात वाढला असाल तर तुम्हाला कळेल तिने काय केलं. पाय दुसऱ्याने तुडवला तरी आम्ही आधी माफी मागतो. दारात दोघे अडले की दोघे वाकतात. माफी म्हणजे कबुली नव्हे, ती एक पाटी असते, इथे भांडण संपलं असं सांगणारी. किनुएला वाटलं, पाटी लावली की कुसाबा मान हलवेल, तपासणी थांबेल, मास्क जागच्या जागी राहील. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. आईने न्हाव्याच्या बायकोचीही माफीच मागितली होती, न्हावी बदलण्याआधी.

कुसाबाला शनिवारच्या आत एक नाव हवं होतं. ते चालत दारात आलं.

"म्हणजे केस तुमचा?"

किनुए वाकलेलीच राहिली. "त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी."

"बरं, बरं. उठा आता." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बाकीच्या कामाला जा. होरिबे-सान, एक कागद लिहून द्या. नेहमीचाच असतो. घडलेला प्रकार, दिलगिरी, पुन्हा होणार नाही. मजकूर मी सांगतो."

त्याने सांगितलं, तिने लिहिलं. तिचं अक्षर सुरेख आहे. आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो; तो पर्समध्ये होता, तिने लाल शाईत बुडवून नावापुढे नीट, सरळ उमटवला. मास्क खाली करायला कुणी सांगितलं नाही. पट्ट्यावर आली तेव्हा सुएदाने भाताकडे बघत विचारलं, "काय गं, तुझा होता?"

"माहीत नाही."

"माहीत नाही तर वाकलीस कशाला?"

"सगळ्यांचा वेळ जात होता."



शनिवारी जिन्नाईने तीन तास सुई चालवली. दोनदा भिंग पुसलं. शेवटचा केस काढून तिने कागद दाखवला, ओळीत एकशे बारा. "जे वर होतं ते सगळं गेलं," ती म्हणाली. "झोपलेले किती आहेत ते देव जाणे." किनुएने हनुवटीला हात लावला. सुजलेली, ऊन, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा उद्याची काळजी नसलेली. तो एक दिवस तिला मिळाला. मी तो तिच्याकडून काढून घेत नाही.

सोमवारी एकतीस मार्च. तिचा वर्षाचा करार दर वर्षी त्याच दिवशी संपायचा आणि दर वर्षी नवा व्हायचा. कुसाबाने तिला बाजूला बोलावलं. "ह्या वेळी नूतनीकरण होणार नाही. कागद ग्राहकाकडे गेलाय, त्यांनी संबंधित व्यक्तीला लाइनवर ठेवू नये असं सुचवलंय. माझ्या हातात काही नाही." नऊ वर्षांचं काम त्याने एका वाक्यात उरकलं, आणि शेवटी तोही वाकला. त्याचं वाकणं मात्र कुणी कबुली म्हणून लिहून घेतलं नाही.

दहा दिवसांनी सुएदा किनुएच्या दारात आली. कारखान्यात राहिलेले रबरी बूट आणि चहाचा कप घेऊन. किनुएने दार उघडलं ते मास्क न लावता. सुएदा बघतच राहिली.

"हे तुझं तोंड?"

"हो."

"ह्याच्यात काय वाईट आहे? नऊ वर्षं भिंतीला दाखवलंस ते हे?"

किनुएने तिला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. सुई, चार दिवस, शनिवार. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. सुएदाने ऐकून घेतलं, कप जमिनीवर ठेवला.

"तपासणीचा निकाल आलाय," ती म्हणाली. "म्हणून आले मी. केस डुकराचा निघाला. स्वयंपाकघरात माशाला रस फासायचा ब्रश असतो ना, त्याचा. अर्धा ब्रश झडलाय. आता नवे आणलेत, रबराचे."

"मग कुसाबा-सान काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाला, प्रकरण मिटलंय, आता पुन्हा उकरलं तर ग्राहकाला वाईट वाटेल." सुएदा उठून खिडकीशी गेली आणि तिथूनच बोलली. "तू मला सांगितलं असतंस ना, तर मी सगळ्यांच्या आधी आत गेले असते आणि म्हणाले असते, बघ बाबा, माझ्या हनुवटीला पाच केस आहेत, दर रविवारी टीव्ही बघत उपटते, घे लिहून. तिसरीने लिपस्टिक दाखवली, तिला मिशी आहे. चाळीसजणींत मोजल्या असत्या तर दाढीचं दुकान निघालं असतं. तू आम्हाला एवढं परकं धरलंस?"

"त्रास झाला तुम्हाला. क्षमा—"

"गप. पुन्हा माफी मागितलीस तर हे बूट फेकून मारीन."

सुएदाच तिला आमच्याकडे घेऊन आली. आमची संघटना म्हणजे एका भाजीवाल्याच्या वरची खोली, एक फोन आणि सहाजण. आम्ही कामगार खात्यात तडजोडीचा अर्ज टाकला. मला वाटलं होतं, प्रयोगशाळेचा निकाल आहे, केस डुकराचा आहे, आता कुठे पळतील. कंपनीचा वकील आला, त्याने किनुएचा कागद टेबलावर ठेवला. मजकूर कुसाबाचा, अक्षर किनुएचं, शिक्का लाल, सरळ. वकील म्हणाला, "आम्ही त्यांना काढलं नाही. त्यांनी स्वतः जबाबदारी घेतली, करार मुदतीवर संपला." आम्ही म्हणालो, चेहरे तपासायची धमकी होती. तो म्हणाला, "कुणाचा चेहरा तपासला? ह्या बाईंचा? नाही ना?" खरंच नव्हता तपासला. अधिकाऱ्याने चष्मा काढला आणि मिटवून घ्या म्हणून सांगितलं. मिटवून काय घ्यायचं होतं? आम्ही हात हलवत परत आलो.

जूनमध्ये झोपलेले केस उठले. एकोणीस. त्यांना जाळणारं आता कुणी नाही, ते ती तासते. सध्या एका लाँड्रीच्या मागच्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत शर्टांना इस्त्री करते. तिथे मास्क नाही, वाफेने चेहरा लाल होतो, कुणी बघत नाही आणि बघितलं तरी तिला चालतं, म्हणते. मी तिला विचारलं, पुन्हा तसाच शुक्रवार आला तर काय कराल? तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "वाकेन. शनिवार हवा असेल तर वाकेन." माझा संताप झाला. मी जिना उतरून खाली आले, आणि अजूनही तो पुरता उतरलेला नाही. पण तिला बदलवता आलं नाही म्हणून मी तुमच्याकडे आले आहे.

तुमच्या कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात कुणी तुमच्यापुढे दिलगिरीचा कागद सरकवला, नेहमीचाच असतो म्हणाला, मजकूर स्वतः सांगायला लागला, तर वाकायचं तेवढं वाका, मी अडवत नाही. पण शिक्का पर्समध्येच ठेवा. एक दिवस मागून घ्या, आणि तो कागद आधी भाजीवाल्याच्या वरच्या खोलीत आम्हाला आणून दाखवा.